कात्री कुणाच्या हाती

तराझ, १२ एप्रिल

वडील बहीण शोल्पानताईस धाकट्या एरमेकचा दोन्ही हातांनी सलाम.

गुरंढोरं, माणसं खुशाल ना? (आधी गुरं विचारतो, माणसं निदान तक्रार तरी करतात.) चौऱ्याहत्तराव्या वर्षीही तू बकऱ्यांमागे टेकडी चढतेस असं ऐकतो. आनंद आहे, पण त्या आनंदाचाच मला त्रास होतोय. सविस्तर लिहितो.

एकतीस वर्षं मी सात नंबरची बस चालवली. म्हणजे सगळं गाव फिरलं आणि मी बसून राहिलो. आता रक्तात साखर, गुडघ्यांत कुरकुर. दवाखान्यातले डॉक्टर दोन वर्षं बजावत होते, "चाला!" मी दोन वर्षं मान हलवत होतो (तेवढाच व्यायाम). एकदा खरंच निघालो, तर पहिल्याच वळणावर सात नंबर येऊन थांबली. ड्रायव्हर माझाच चेला. "उस्ताद पायी? आम्ही मेलो की काय?" म्हणत त्याने हाताला धरून वर चढवलं आणि थेट घरापाशी सोडलं. आठवडाभर हेच. एवढ्या प्रेमाने दिलेला मान नाकारायचा कसा? रोज चालायला जायचो आणि बसून परत यायचो.

गेल्या महिन्यात नवी नर्स आली, राउशान. तिने माझा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "एरमेककाका, या पायांकडून तुम्हाला अजून काय करून घ्यायचंय?" ताई, असं मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आमची नात तोल्किन पाऊल टाकायला लागलीय. मे महिन्यात रिवाजाप्रमाणे पहिल्या पावलांची दोरी तिच्या पायांत बांधतील, ती मला कापायचीय. पण सूनबाई झानेल म्हणते, "कापणाऱ्याची चाल पोरीला लागते, बाबा. तुम्ही कापलीत तर पोर सोफ्यावरून उठायचीच नाही." घरचे सगळे हसले. मीही हसलो, पण मनाला लागलं.

राउशान हसली नाही. बसचं रडगाणंही ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बस कुठून जात नाही?" म्हटलं, कालव्याकाठून. "मग आज कालव्याकाठी पहिल्या पुलापर्यंत. उद्याचं तुम्हीच सांगा." पहिल्या दिवशी बदकं मला मागे टाकून गेली. आता दुसरा पूल गाठतो. वाटेत थांबतो ते फक्त सवयीने (दर थांब्यावर एक मिनिट, मागचे उतरल्याशिवाय मला निघवत नाही). चहाबरोबरचे तळलेले बाउरसाकही बारावरून चारावर आणलेत (झानेलच्या मोजणीत सहा).

बकऱ्यांना सलाम, भाओजींनाही.

तुझा एरमेक

ता. क. झानेल या आठवड्यात तुला फोन करील. दोरी कापायला तुलाच बोलवायचं तिच्या मनात आहे. गुडघे दुखतात म्हणून सांग, एवढंच मागणं.

ता. क. २. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण पोस्ट दुसऱ्या पुलापलीकडे आहे. चालत आलो, तिथल्याच बाकावर लिहितोय. धाप लागली नाही. (लागली, थोडी.) ताई, गुडघ्यांचं खोटं नको सांगूस; बोलाफुलाला गाठ पडायची. तू येच. झानेलने कात्री हातात ठेवली की फक्त म्हण, "आधी आमच्या एरमेकला चालून दाखवू दे."