मार्गशीर्षातली अरुंधती

राइट टाउन, जबलपूर
डिसेंबर १९७१

तीर्थरूप गुणवंतकाकांना विभावरीचा नमस्कार. (वाकून केला, शाई सांडू नये म्हणून आधी पेनाला टोपण लावलं.) काकूंचा गुडघा कसा आहे? वर्ध्यालाही संध्याकाळी दिवे घालवतात का? इथे लढाई सुरू झाल्यापासून खिडक्यांना काळे कागद आहेत आणि कारखान्यात ह्यांना रोज रात्रपाळी. मी सुखरूप आहे. लग्न पुरतं लागलं की नाही, एवढाच काय तो घोळ आहे.

तुम्हाला लग्नाला येता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. सप्तपदी वेळेवर झाली. अंधार पडल्यावर नवरीला अरुंधती दाखवायची म्हणून सगळे गच्चीवर चढले. गुरुजींनी उत्तरेकडे बोट करून विचारलं, "दिसली?" सासूबाईंना दिसली. आत्याबाईंचा चष्मा खाली राहिला होता, तरी त्यांनाही दिसली. मला दिसेना. तुम्ही मला शाळेत घालण्याआधीच अंगणातल्या खाटेवर तारे शिकवलेत, आणि पाहिल्याशिवाय पाहिलं म्हणायचं नाही हेही. मी "नाही" म्हटलं. (हळूच म्हटलं, पण ब्लॅकआउटमध्ये गाव फार शांत असतं.) गुरुजींनी बहिऱ्याला विचारावं तसं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. मग त्यांनी आकाशावर टॉर्च मारला. लगेच खालून वॉर्डन ओरडला, "ओ पंडितजी, बत्ती बुझाओ! दुश्मन को घर का पता दे रहे हो क्या?" गुरुजी जे पाण्याच्या टाकीमागे बसले, ते त्यांना हात धरून काढावं लागलं.

खाली आल्यावर आत्याबाईंनी सांगितलं की अरुंधती न दिसणारं माणूस सहा महिन्यांत जातं; नाहीतर पोरीचे डोळेच अधू असतील आणि माहेरच्यांनी लपवलं असेल. सासूबाई रडायला लागल्या. मला राहवेना. मी दाराआडून म्हटलं की मार्गशीर्षात सप्तर्षी मध्यरात्रीनंतर उगवतात. संध्याकाळी दिसायला चैत्र-वैशाख हवा.

"काहून, आता सून गुरुजींना शिकवून राहिली?" आत्याबाई म्हणाल्या.

"इतक्या वर्षांपासून तिथंच दाखवून राहिलो," गुरुजी म्हणाले, "एकाही नवरीनं नाही म्हटलं नाही."

शेवटी मामंजींनी निकाल दिला. (ते रेल्वेत होते, वेळापत्रकाबाहेरचं काही मानत नाहीत.) गाडीची वेळ जाणत्यालाच विचारावी, तेव्हा काकांना पत्र घाल; आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत रोज पहाटे, नीलकंठ पाळीवरून आला की, दोघं गच्चीवर जाऊन बघा.

तरी काका, अरुंधती केव्हा आणि कुठे बघावी ते मामंजींच्या नावे कळवावं. माझ्या आठवणीप्रमाणे पहाटे, ईशान्येला; सप्तर्षींच्या शेपटीतल्या तीन ताऱ्यांपैकी मधला वसिष्ठ, आणि त्याला चिकटून बारीकशी ती. चुकलं असेल तर दुरुस्त करावं.

आपली,
विभावरी

ता. क. वरचं सगळं मामंजींनी वाचून "ठीक" म्हटलं आहे. हे मात्र टपालपेटीपाशी उभी राहून लिहिते. काका, अरुंधती पहिल्याच पहाटे दिसली. ह्यांना मीच दाखवली. "एवढीशी? हिच्यासाठी एवढं?" म्हणाले, आणि मग आम्ही तिच्याकडे पाठ करून उजाडेपर्यंत बोलत बसलो. दोन खोल्यांत पाहुण्यांसकट इतकी माणसं आहेत की लग्नानंतर ह्यांचा आवाज मी तेव्हाच पहिल्यांदा धड ऐकला. खाली मामंजींनी विचारलं, तर हे म्हणाले, "धुकं होतं." तेव्हापासून रोज धुकं असतं. मी गप्प राहते. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं का, ते वेगळ्या कागदावर कळवा.

पुन्हा ता. क. सासूबाईंची काळजी मला बघवेना. काल पोळ्या लाटताना त्यांच्या कानात खरं सांगून टाकलं. त्यांनी देवाला हात जोडले आणि मला चिमटा काढला. "मग यांना सांगायची घाई काहून? आमच्या वेळी तर गच्चीही नव्हती." आज पहाटे जिन्याच्या पायरीवर त्यांची जाड शाल ठेवलेली होती, दोघांना पुरेल अशी. तेव्हा उत्तर अवश्य द्या, पण सावकाश. लढाईत टपाल उशिरा येतं, हे मामंजींना मान्य आहे.