पोतंभर हरभरे भिजले त्याची हकीकत

सौ. वहिनींना,

इथून जमेल तितकं वाकून नमस्कार. (जास्त वाकलो की सोबत राहणाऱ्या वेल्डरच्या खाटेला डोकं आपटतं, खोलीच तेवढी आहे.) तुम्ही, दादा आणि धाकटी मजेत असाल असं धरून चालतो. माझी तब्येत विचाराल तर आता बरी आहे, आणि हे ‘आता’ कुठून आलं ते सांगायलाच कागद घेऊन बसलो. फोन दादाच्या खिशात असतो आणि तो उचलला की “बोल, पटकन बोल” म्हणतो, मग मला काही बोलायचं सुचत नाही.

तर झालं असं, की कामावर सगळ्यांची तपासणी निघाली. मी परांच्या बांधतो हे तुम्हाला ठाऊक आहे. उंच इमारतीच्या अंगाला लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा करायचा, मग त्यावर गवंडी आणि रंगारी फिरतात. डॉक्टरीणबाईंनी माझं बोट टोचलं, यंत्रात बघितलं आणि पुन्हा टोचलं. त्यांना यंत्र बिघडलंय असं वाटलं असावं. यंत्र ठणठणीत होतं, माझ्याच रक्तात लोह कमी. दिवसभर खांद्यावर लोखंड वाहतो आणि अंगात लोखंड नाही, यावर मुकादम इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. पण हसून झाल्यावर त्याने माझा कमरेचा पट्टा काढून घेतला. महिनाभर वर चढायचं नाही, खाली बसून नटबोल्ट निवडायचे. महिन्याने पुन्हा टोचणार. आकडा वर आला तर मीही वर, नाही आला तर घरचं तिकीट. आता मला एका जागी बसवणं किती अवघड आहे ते तुम्हाला नव्याने सांगायला नको. (मास्तरांनाही माहीत होतं, पण त्यांनी चौथीनंतर नाद सोडला.)

बाईंनी काय काय खातोस विचारलं तेव्हा मी बिस्किटं आणि पाकिटातल्या शेवया यांच्यापुढे गेलोच नाही. भूक म्हणजे खड्डा, तो बुजला म्हणजे झालं, आत काय घातलं ते कोण बघतंय, अशी माझी समजूत. बाईंनी गोळ्या दिल्या, आणि नुसत्या गोळ्यांवर भागायचं नाही म्हणून एक कागदही दिला. मला वाचायचा कंटाळा आहे हे त्यांनी तोंडावरून ओळखलं असणार, कारण कागदावर चित्रं होती. मासे, मांस, बदाम, डाळिंब. मी तो कागद घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदारीण कागद बघून म्हणाली, “पाहुणे किती येणार आहेत?” म्हटलं, पाहुणे नाहीत, रक्त कमी आहे. तिने माझ्या बुटांकडे बघितलं (बुटावरून गिऱ्हाईक कळतं म्हणे) आणि कागद घडी करून मला परत दिला. मग म्हणाली, कडधान्य घे, मोड आण, खाताना लिंबू पिळ. संध्याकाळी दुकान आवरताना ये, उरलेली पालेभाजी स्वस्तात देते. आणि किलोने घेण्यापेक्षा पोत्याने घेतलंस तर बरंच स्वस्त पडेल.

स्वस्त म्हटल्यावर मी ऐकतो का. खोलीत आम्ही तिघं, मी, वेल्डर आणि गवंडीबुवा. तिघांत मिळून हरभऱ्याचं पोतं घेतलं आणि जिन्यावरून पाठीवर आणलं. वेल्डर पोत्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, “आपण माणसं आहोत का घोडे?” मी त्याला सांगितलं, घोडा कधी चक्कर येऊन पडलेला पाहिलायस का. यावर त्याने पोत्याला खाटेखाली जागा करून दिली. त्याने घोडाच फारसा पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी बुवांची सुट्टी होती. जाताना मी सांगून गेलो, बुवा, तेवढे हरभरे भिजत घाला. किती ते बोललो नाही. वाटीभर घालायचे हे कुणालाही कळेल असं मला वाटलं, आणि तिथेच मी फसलो. कारण बुवांचं सगळं आयुष्य विटा भिजवण्यात गेलंय. कामाआधी विटांचा ढीगच्या ढीग हौदात टाकतात. वीट कोरडी राहिली तर सिमेंटमधलं पाणी पिते आणि भिंत कमजोर होते. बुवांनी अख्खं पोतं आमच्या मजल्याच्या अंघोळीच्या पिंपात ओतलं, वर पाणी सोडलं, बुडबुडे थांबेपर्यंत उभं राहून बघितलं (विटांचंही असंच बघतात) आणि निवांत झोपले. मी आलो तेव्हा पिंपाचं झाकण जमिनीवर होतं, हरभरे काठावरून बाहेर बघत होते आणि मजल्यावरचे लोक खांद्यावर टॉवेल टाकून रांगेत उभे होते. मी बुवांना बोललो, तर तेच माझ्यावर उखडले. “अर्धा माल भिजवून अर्धा कोरडा ठेवायचा? असलं काम मी आजवर केलेलं नाही.”

भिजलेला हरभरा परत कोरडा करता येत नाही, वहिनी. आम्ही तो मिळेल त्या कपड्यात बांधला. चादरी झाल्या, उशांचे अभ्रे झाले, शेवटी वेल्डरचा सणावाराला घालायचा शर्ट बाह्यांना गाठी मारून वापरला. खोलीभर गाठोडी टांगली, त्यांना मोड फुटले आणि झोपेत वेल्डरच्या तोंडावर पाणी टपकायला लागलं. आम्ही सकाळी उकडलेले, दुपारी परतलेले आणि संध्याकाळी कांदा-लिंबू घालून कच्चे खाल्ले. पोटात काय चाललं असेल ते मी वहिनीला लिहिणं बरं नाही. एवढंच सांगतो, की मालाच्या लिफ्टवरचा माणूस आम्ही दिसलो की जाळी ओढून घ्यायचा, बुवांना आणि वेल्डरला जिन्याने चढावं लागलं.

तरी सरेना. मग मी शेजारच्या खोल्यांमधून वाटायला निघालो, नाहीतरी आमच्यापायी त्यांची अंघोळ बुडालीच होती. त्यांनाही फुकटचं नको होतं. कुणी कोबीचा अर्धा गड्डा दिला, रंगाऱ्यांनी अंडी दिली, शेवटच्या खोलीतल्या ड्रायव्हरने शेंगदाणे दिले. हरभरे संपले तरी ही देवघेव चालूच राहिली. जन्मात खाल्लं नसेल इतकं बरं जेवण महिनाभर खाल्लं, आणि वर खर्च बिस्किटांपेक्षा कमी. उद्या टोचणार आहेत. हात अजून बरा चालतोय तोवर लिहून ठेवलं.

धाकटीला पापा, दादाला जेवढा चालेल तेवढा नमस्कार.

तुमचा, सध्या जमिनीवर असलेला, दीर

ता. क. टोचलं. पास झालो. काठावर, पण पास. आपल्या घरात माझ्या नावापुढे हा शब्द पहिल्यांदा लागतोय, दादाला मोठ्याने वाचून दाखवा. पट्टा परत मिळाला. बुवांचा आकडा आम्हा सगळ्यांच्या वर निघाला, आणि आता ते नव्या लोकांना भिजवण्याबद्दल सल्ले देतात.

ता. क. आणखी एक. हे मात्र दादाला वाचून दाखवू नका. पत्र लिहायच्या आदल्या दिवशी गोळ्या आणायला गेलो, तेव्हा बाईंनी विचारलं होतं, घरात अजून कुणाला असा थकवा येतो का. मी नाही म्हणून मोकळा झालो, आणि जिना उतरताना आठवलं. तुम्ही बादली उचलली की भिंतीला हात लावून उभ्या राहता, आणि विचारलं तर म्हणता, भिंतीला ओल आलीय का बघतेय. परत वर जाऊन सांगितलं. बाई म्हणाल्या, तुझ्याआधी त्यांना तपासायला हवं. हेच पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर “मला काय धाड भरलीय” म्हणून तुम्ही पत्र डब्यामागे सारलं असतं, म्हणून आधी हरभरे लिहिले.

वेल्डर सुट्टीवर येतोय, पत्र त्याच्याच हाती देतोय. सोबत एक पाकीट आहे, ते तुमच्या तपासणीला आणि अंड्यांना. अंडी तुम्हीच खायची. दादाला रक्त भरपूर आहे, बोलायला लागला की तोंडावर दिसतं. आणि वेल्डरला मी बजावून ठेवलंय, वहिनी दवाखान्यातून कागद घेऊन आल्याशिवाय तिथून हलायचं नाही. माणूस भला आहे, पण एका बैठकीत पातेलं रिकामं करतो, आणि जेवून झालं की पुढच्या जेवणाला काय आहे विचारतो. तेव्हा आजच जाऊन या.