दोन्हीला तारा असतात

प्रिय ठमे,

हे पत्र लिहायला मला खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी भाग पाडलं. तू भांडून मैत्रिणीकडे राहायला गेलीस, त्या रागात मी तुझी खोली आवरायला काढली. डॉक्टर हौसेनं गिटार वाजवतात. म्हटलं, धूळ खात पडण्यापेक्षा तुझा अँप, ते आवाज मोठा करणारं यंत्र, तेच घेऊन जाऊ देत.

त्यांनी आपली गिटार जोडली आणि घर दणाणलं. कपाटातल्या बशा थरथरल्या. मी म्हटलं, बघा, यंत्रात खोट नव्हती, आमच्या पोरीच्या हातातच जोर नाही. डॉक्टर म्हणाले, काकू, ती तर बेस वाजवते ना? मग तिचा अँप कुठाय? मी म्हटलं, हाच. त्यांनी माझ्याकडे किडक्या दाढेकडे बघावं तसं बघितलं. हा गिटारचा आहे, म्हणाले. बेसच्या जाड तारांचा खर्ज याला झेपत नाही, आवाज चढवला की स्पीकर फाटतो. मग वाकून, जाळीआड बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं आणि हळूच म्हणाले, कुठे साधी चीरही नाही हो. जीव मुठीत धरून वाजवलं असणार पोरीनं.

अँप घेताना दुकानदारानं मला विचारलं होतं, गिटारसाठी की बेससाठी? मी म्हटलं, दोन्हीला तारा असतात ना, मग द्या तो. मुलीला घेऊन या, म्हणाला. मी त्याला गप्प केलं. तुझ्या वाढदिवसाला अचानक द्यायचा होता. शिवाय हा पुस्तकांच्या कपाटाखाली नेमका बसत होता, रंगही पडद्यांना शोभत होता. प्रश्न न वाचता उत्तर लिहिणाऱ्यांचे गुण मी गणिताच्या पेपरात जन्मभर कापले! खोकं उघडल्यावर तू क्षणभर गप्प झालीस, मग म्हणालीस, छान आहे गं. ते गप्प होणं मी आनंदाचं समजले.

तू बँडच्या तालमीला हाच उचलून नेत राहिलीस, आवाजाचं बटण खालीच ठेवून. ड्रमवाल्याला तुझा बेस ऐकू येईना. गेल्या महिन्यात त्यांनी तुला काढलं, तू रडत घरी आलीस, आणि मी आत्याच्या देखत म्हटलं, लोण्याची बोटं घेऊन बँडमध्ये जायचंच कशाला? तरी तू अँपबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. बेस कोपऱ्यात ठेवलास, विकून टाक म्हणालीस आणि गेलीस. मला सांगितलं का नाहीस, असं विचारायला पेन उचललं होतं. पण कुणी सांगितलेलं मी कधी ऐकलंय?

आत्याला फोन करून सगळं सांगितलं. ड्रमवाल्यालाही लावला होता, पण रिंग वाजताच ठेवला. तुझ्या वतीनं बोलायची खोड आता पुरे. चुकले मी, ठमे. बेस मी विकणार नाही, तूही सोडू नकोस. शनिवारी त्या दुकानात ये. तुझा बेस जोडून, हवा तेवढा आवाज चढवून बघ आणि कानाला पटेल तो घे. दिवाणखान्याच्या मधोमध ठेवावा लागला तरी चालेल. मी बाहेर बाकावर बसेन, आत येणार नाही.

तुझीच,
आई

ता. क. तुझ्या मैत्रिणीच्या हाती दिलं: बेस, पिशवीसकट. खांद्याचा पट्टा. वायर. हे पत्र. जुना अँप डॉक्टरांना दिलेला नाही. तो तुझा आहे, त्याचं काय ते तू ठरव. नवा घेतलेला नाही.