बोरमाळ शून्यावर कायम

८ डिसेंबर, सोमवार
नेवाशाकडे जुलाब-उलट्यांची साथ. आपल्या पाथर्डीत यायच्या आत ओआरएसची पाकिटं वाटायची. खोकं एकच. कुठल्या गावाला द्यायचं ते ठरवायला डॉक्टर पंकजा मॅडमनी मला सांगितलं. अखेर कुणाला तरी माझी किंमत कळली! आता अंदाजपंचे काही नाही. सगळं ओपन डेटावर.

९ डिसेंबर
सरकारी साइटवरून लोकसंख्या डाउनलोड केली. बोरमाळ: १,९४२. खोकं तिकडेच. तिथल्या आशा सेविका रतनबाई म्हणाल्या, सायेब, गावात हाय कोन? समदी ऊसतोडीला गेल्यात. मी नम्रपणे सांगितलं, बाई, आकडा कुठे जात नाही.

११ डिसेंबर
जीपने बोरमाळ. दारोदार कुलपं. एकोणीस म्हातारी माणसं आणि बरीच कुत्री भेटली. बाकीचे रानात असणार. पाकिटं रबरबँडने कुलपांना अडकवली. शंभर टक्के वाटप!

१२ डिसेंबर, सकाळी
बोरमाळमध्ये रुग्ण शून्य. म्हटलं होतं ना! नकाशावर गाव हिरवं केलं. पुरस्काराचा अर्ज लिहायला घेतला.

दुपारी
रतनबाईंचा फोन. साथ आहे ती नेवाशाकडच्या ऊसतोड कामगारांच्या तळावर, आणि तिथे निम्मं बोरमाळच राहतंय. तळावरच्या लंकाबाईंची नात आरती, चार वर्षांची, डोळे खोल गेलेत. तिथली पाकिटं संपलीत. अर्ज तूर्त बाजूला.

१३ डिसेंबर
सकाळी रतनबाई आणि मी कुलपांवरची पाकिटं काढत फिरलो. कुत्री पायात. मग टेम्पोने तळावर. रतनबाईंनी मुकादमाची वही मागितली. कुठल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, कोण, पोरं किती, सगळं लिहिलेलं! ही वही कुठल्या साइटवर मिळेल, मी विचारलं. मुकादम म्हणाला, माझ्या खिशात.

१४ डिसेंबर
आरती उठून बसली. बिस्कीट मागितलं. मला रडूच आलं. डोळ्यांत उसाचं पाचट गेलं म्हणून सांगितलं. लंकाबाईंनी तांब्याभर पाणी दिलं, नाही कसं म्हणणार? प्यायलो. मॅडम म्हणाल्या, यापुढे रतनबाई सांगतील तिथेच पाकिटं जातील. सल्लागार मी आहेच. आणि पाथर्डी तालुका अजून शून्यावर आहे, हे विसरून चालणार नाही.

१६ डिसेंबर
ऑफिसला दांडी. सकाळपासून पाच वेळा जाऊन आलो. प्रवासाचा शीण, दुसरं काही नाही. रतनबाई पाकीट घेऊन आल्या आणि आपल्या वहीत लिहायला लागल्या: मोझेस, वय ३४. मी म्हणालो, नोंद कशाला बाई, चांगला चालता-फिरता माणूस आहे मी. तेवढ्यात सहाव्यांदा पळालो.

तालुक्याचा रोजचा आकडा भरायचं काम माझंच. झोपूनच मोबाईलवर भरला. एक.