निळ्या खडूची चार वर्तुळं

प्रिय अण्णा,

तुम्ही जाऊन पाच महिने झाले आणि आज मी पहिल्यांदा तुम्हाला लिहायला बसलेय. काल मी त्या मोठ्या विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश घ्यायला गेले होते, आणि फॉर्म तसाच कोरा घेऊन परत आले. आईला अजून काही सांगितलेलं नाही. काय सांगू?

वनस्पतिशास्त्र विभागाच्या दारात एक शिपाईमामा बसले होते. त्यांच्या खांद्यावर टॉवेल होता. मरून काठ आणि कडेला एक सुटलेला धागा. आपल्या कारखान्याचा! तुम्ही तपासून बाजूला काढलेला माल मी कुठंही ओळखेन, लहानपणापासून तसल्याच टॉवेलानं अंग पुसत आलेय की. हा कुठून आणला म्हणून विचारलं, तर मामा म्हणाले, "दिवाळीनंतर सोलापूरचे एक पाहुणे आले होते, त्यांनी दिला. पोरीला इथं घालायचंय म्हणाले. दोन दिवस ह्याच बाकावर बसून होते."

अण्णा, तुम्ही तर बार्शीला लग्नाला गेला होतात ना? तुमच्या शर्टाला इस्त्री मीच केली होती.

मी त्याच बाकावर बसले. मामा सांगत होते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पोराला तुम्ही विचारलंत म्हणे, आज कुणी शिकवलं, काल कोण आलं होतं, इथून शिकून गेलेली पोरं आता कुठं आहेत? प्रयोगशाळा उघडून बघितलीत. निम्मी सूक्ष्मदर्शकं धूळ खात पडलेली. माहितीपुस्तकात सहा प्राध्यापकांची नावं छापलीत, त्यातले तिघं निवृत्त झालेत आणि एक परदेशात गेलेत. त्यांच्या जागी कुणीच आलेलं नाही! शेजारच्या रसायनशास्त्राचं मात्र तुम्ही कौतुक केलंत. तिकडची पोरं संध्याकाळपर्यंत काम करत होती म्हणे.

आणि घरी येऊन तुम्ही एवढंच म्हणालात, "तितं नको, पोरी."

मी काय काय बोलले तुम्हाला! एवढं नावाजलेलं विद्यापीठ, अख्खं गाव नाव काढेल, आणि तुम्हाला पोरगी लांब जायला नको. शेवटी तर तोंडातून निघूनच गेलं, "सातवी शिकलेल्या माणसाला विद्यापीठातलं काय कळतंय?" तुम्ही चप्पल घातली आणि कामावर गेलात. पुढं महिनाभर मी तुमच्याशी धड बोलले नाही. मग एक दिवस कारखान्यातून तुमच्याऐवजी निरोपच आला.

पण तुम्ही तरी सांगायचं होतं की! त्याचा मला राग आहे, अजून आहे. दोन वाक्यं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

खरं तर तुम्ही सांगितलं होतंत. काल गाडीत बसल्यावर ते ध्यानात आलं. तुमची कामाची रीतच ती. टॉवेल उलटा करायचा, चूक दिसली की निळ्या खडूनं गोल काढायचा आणि तो विणणाऱ्यापुढं ठेवायचा. वाद घालायचा नाही. "त्याचं त्यानं बघू दे, म्हंजे पटतंय," असं तुम्हीच म्हणायचा. तुम्ही बार्शीहून, म्हणजे तिथून, आलात त्या दिवशी माझ्या टेबलावरचं माहितीपुस्तक उघडं होतं. प्राध्यापकांच्या पानावर निळे डाग होते. चार. मला वाटलं, कामावरून येऊन तसल्याच हातानं चाळलंत. मी चिडून ओढणीनं पान पुसून काढलं. आई म्हणत होती, राहू दे गं, त्यांचा हात लागलाय. मी ऐकलं नाही.

काल रात्रीपासून ते पान कितीदा उजेडात धरून बघितलं. काही म्हणजे काही उरलेलं नाही, अण्णा.

फॉर्म मी भरणार नाही. लातूरच्या एका साध्या कॉलेजात माझा विषय चांगला शिकवतात असं ऐकलंय. ऐकलंय, एवढंच. सोमवारी मी तिथं जाईन, दोन दिवस दारातल्या बाकावर बसेन, भेटेल त्या पोराला तुमचेच प्रश्न विचारेन आणि मगच ठरवेन. तुमच्या डब्याच्या पिशवीत खडूचा एक तुकडा सापडलाय. तो बरोबर नेईन.

तुमची खूण पुसणारी,
सुनंदा