पेशींतलं मीठ

१२ जानेवारी
लिहायचं टाळत होतो. आज हर्षदनं विचारलं, "वही उशाला घेऊन नुसता झोपतोस काय?" म्हणून.

बाबांना झटका आला. डावा हात लुळा. आणि आई वॉर्डात, सगळ्यांदेखत – "तुझ्या भटकण्याच्या काळजीनच ह्यांचा प्रेशर वाढला. आता घाटकोपराक पाय ठेवू नको."

तेव्हापासून गोराईत, मित्राच्या, हर्षदच्या खोलीवर. त्याचा कुत्रा माझ्या चादरीवर झोपतो.

१५ जानेवारी
जान्हवीताईचा फोन. बाबांच्या डॉक्टर शर्मिष्ठाबाई संशोधन करतायत, प्रेशरवाल्यांच्या मुलांचं रक्त हवंय. लाल पेशी मीठ किती वेगानं आत-बाहेर करतात ते बघतात. काही घराण्यांत तो वेग जास्तच असतो म्हणे. जन्मापासून.

जन्मापासून! मग माझं भटकणं दोषातून सुटलं की. उद्याच जातो.

१६ जानेवारी
नाही गेलो. जेट्टीवर बोटीचं इंजिन खोललं होतं, बघत बसलो.

१९ जानेवारी
रक्त दिलं.

२ फेब्रुवारी
माझ्या पेशींचा वेग बाबांसारखाच. जास्त.

"म्हणजे माझ्यामुळे नाही ना झालं?"

बाई म्हणाल्या, "ते यातून नाही कळत रे. हा अजून अभ्यासच आहे. तुला प्रेशर होईलच असंही नाही. पण मीठ जपून खा."

वा. सुटका नाहीच, वर हे. बाबांनी आजवर काही दिलं नाही, एवढं मात्र बरोब्बर पोचतं केलं.

मिठावरून विषय निघाला म्हणून सांगितलं – बाबांचं मीठ कधीचंच बंद, आई सैंधव घालते. उपासाला चालतं ते मीठ कसलं, असं तिचं. चव लागावी म्हणून मुठीनं घालते. बाई म्हणाल्या, "अरे, सैंधव म्हणजे मीठच."

३ फेब्रुवारी
ताईला फोन केला. सैंधव बंद कर.
"आईला काय सांगू?"
काही नको. बरणी फेक.
"तिनं तुला हाकललं, आणि तू तिला सांभाळतोस?"

सांभाळतोय कसला. मला स्वतः सांगायचंय तिला, तोंडावर, सगळ्यांदेखत. सकाळपासून वाक्य घोकतोय.

५ फेब्रुवारी
हर्षद धावत आला. जेट्टीवर आई उतरलीय, एकटी. ताई बोललीच असणार. हर्षदला विचारत होती, "माझ्याशी बोलतलो मा तो?" हातात सैंधवाची बरणी आहे म्हणे.