आईने पाहिलेली लढाई

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार (वाकून केलेला समज, कंबर धरली आहे). तू, वहिनी आणि चिमणी खुशाल असाल. वहिनीचा गुडघा काय म्हणतो? आम्ही दोघी ठीक आहोत, म्हणजे रविवारपर्यंत होतो.

रविवारी आईला तो नवा ऐतिहासिक चित्रपट दाखवला. तूच फोनवर म्हणालास ना, तीनशे कोटी ओतलेत, दाखव तिला. दाखवला. पहिल्या चढाईपासून आई खुर्चीच्या कडेवर. तुतारी वाजली की माझा दंड घट्ट धरायची (अजून वळ आहेत). मलाही भरून येत होतं. तो किल्ला, त्या मशाली, राजाचा तो शेला! मग शत्रूचा सरदार आला. काळा पोशाख, काळा घोडा, गालावर हा एवढा व्रण, शेंबडं पोरही ओळखेल असा दुष्ट. सगळं थिएटर चिडीचूप. आणि आईने टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं, हात चुकून लागला असेल. पण तो सरदार तोंड उघडेल तिथे ही "शाबास रे बाबा" म्हणे. पुढच्या रांगेतले जाड मानेचे एक गृहस्थ दोनदा वळले. तिसऱ्यांदा वळले तेव्हा मी अशी हसले, की जणू आई शेजारणीची आहे. शेवटी राजाने त्या सरदाराला गलबताच्या फळ्यांवर लोळवलं, लोक उठून घोषणा द्यायला लागले आणि आई हुंदके देऊन रडायला लागली. "भला माणूस होता गं. मारला मेल्यांनी." गृहस्थांना राहवलं नाही. "आजी, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?" आई म्हणाली, "जो हळू बोलतो त्याच्या. तुमचा तो दुसरा सारखा खेकसत होता."

घरी येईपर्यंत मी तिला समजावत होते, की खेकसणारा तो आपला राजा. ती म्हणाली, "असेल बाई. शेवटी पांढऱ्या घोड्यावरून आला तेव्हा मात्र बरा दिसला." दादा, शेवटची लढाई अख्खी समुद्रात होती.

चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर लोकांना तक्ता वाचायला लावते. आईलाही गेल्या वर्षी मीच वाचायला लावला होता. एक अक्षर चुकली नाही, मालक म्हणाले तरुणांना लाजवतील. काल तिला पुन्हा नेलं, खुर्चीवर बसवलं आणि तक्ता उलटा करून टांगला. समोर नुसती कोरी पाठ. आईने घडाघडा वाचला. शेवटच्या ओळीला तर डोळे किंचित बारीक केले (त्या राजापेक्षा हिचा अभिनय सरस). मला डबा द्यायला येते तेव्हा बाकावर टेकते, तेवढ्यात गिऱ्हाइकांचं ऐकून ऐकून पाठ. तो डबा घेऊन ती रस्ता कशाच्या भरवशावर ओलांडते, हे मी विचारलेलं नाही. उत्तर मला ऐकवणार नाही.

दुकानातल्या डॉक्टरांनी लगेच पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगलेच पिकलेले. शस्त्रक्रिया आता लांबवू नका म्हणाले, नंतर अवघड जाईल. आई म्हणते, "मला काय धाड भरलीय? आता बघण्यासारखं राहिलंय काय?" मी तिच्या समोरच उभी होते.

बाकी सर्व क्षेम. चित्रपट जरूर पाहा, फारच उत्तम आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. चित्रपटाचं राहू दे. तू ये. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. मला एकटीने तिला शस्त्रक्रियेच्या टेबलावर पाठवायचा धीर होत नाही.

आणखी एक ता. क. आई मागे लागली, काय लिहिलंस ते वाचून दाखव. मी नुसत्या लढाया वाचल्या. ती म्हणाली, "एवढे कागद उलटलेस आणि वाचलंस इतकंच? बरं, आता माझंही लिही." तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते: "तू येत असशील तर करून घेते मी डोळ्यांचं. पण आलास की दारातूनच आधी बोल. मागच्या खेपेला मुकाट उभा राहिलास आणि मी तुला मीटर बघणारा समजून 'मागच्या बाजूला आहे' म्हणाले. तू थट्टा समजून हसलास, म्हणून कळलं, माझाच आहे."